पिल्लाच्या डोक्यावरचा पांढरा ठिपका

साठ सालानंतरची काही वर्षं आम्ही जयपूरला फौजी लाइनीत राहत होतो. हे हवालदार होते, स्टोअरचं काम बघायचे. क्वार्टर दोन खोल्यांचं. मागे कमरेइतकी विटांची भिंत आणि भिंतीच्या आत थोडी रेताड जागा. त्या जागेत काही रुजत नव्हतं. मी मेथी पेरून पाहिली, कोथिंबीर पेरून पाहिली. वारा सुटला की रेती सरकायची आणि बी उघडं पडायचं. शेवटी मी यांना म्हटलं, कोंबड्या ठेवू या का. माझ्या माहेरी, सातारा जिल्ह्यात, घरच्या कोंबड्या होत्या. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून त्यांचं सगळं मीच बघायचे. माणसांशी बोलताना माझी जीभ अडखळते, कोंबड्यांशी कधी अडखळली नाही.

त्याच दिवाळीनंतर फौजी कुटुंबांतल्या बायकांसाठी कोंबडीपालनाचा पंधरा दिवसांचा वर्ग निघाला. सरकारी केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरलीपुऱ्याच्या बाजूला होतं. सकाळी लाइनीतून गाडी न्यायची, दुपारी आणून सोडायची. आम्ही अकराजणी होतो. मी सगळ्यांत मागे बसायचे. हिंदी मला समजत होती, पण बोलायची वेळ आली की शब्द आधी मनात लावून घ्यावे लागत आणि तोवर बोलणं पुढे गेलेलं असे.

शिकवणारे जनावरांचे डॉक्टर होते. पन्नाशीचे, जोधपूरकडचे, उन्हातसुद्धा गळ्यात मफलर. त्यांनी आम्हांला दोन जातींची पाखरं दाखवली. एक गडद लाल, दुसरी चितकबरी, म्हणजे अंगावर काळेपांढरे पट्टे. ते म्हणाले, लाल कोंबडा आणि चितकबऱ्या कोंबड्या एकत्र ठेवा. पिल्लं सगळी काळी निघतील. ज्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका असेल तो कोंबडा, ठिपका नसेल ती कोंबडी. पहिल्याच दिवशी कळेल, महिना दीड महिना वाट बघायला नको. मोठेपणी कोंबड्याच्या अंगावर आईसारखे पट्टे येतात आणि कोंबडी बापासारखी बिनपट्ट्याची राहते.

पुढे बसलेल्या एका पंजाबी बाईने विचारलं, "डॉक्टरसाहब, मुर्गा निकलेगा या मुर्गी, ये किसके हाथ में है?"

डॉक्टर हसून म्हणाले, "मुर्गी के. मुर्गा तो सबको एक-सा देता है. फ़ैसला मुर्गी के पेट में होता है."

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. मला तीन मुली होत्या. धाकटी झाली तेव्हा गावाहून आलेल्या पत्रात एवढंच होतं की बातमी कळली. तेव्हापासून मी हेच ऐकत आले होते, की दोष माझ्यात आहे. पण ते गावच्या बायकांचं बोलणं, असं म्हणून मी ते बाजूला ठेवू शकत होते. आता शिकलेला माणूस तेच सांगत होता. माणसांतही असंच असतं का, हे विचारायचं माझ्या मनात आलं. पण दहा बायकांसमोर, परक्या पुरुषाला, हिंदीत हे विचारणं मला जमणार नव्हतं. हात मांडीवरच राहिला. घरी येईपर्यंत मी मनात पक्कं केलं होतं की जसं कोंबडीचं तसंच बाईचं.

वर्ग संपल्यावर आम्हांला चार चितकबऱ्या कोंबड्या आणि एक लाल कोंबडा मिळाला. यांनी खोक्यांच्या फळ्यांचं खुराडं ठोकून दिलं. ह्या जातवान कोंबड्या खुडूक बसत नाहीत, अंडी घालतात आणि निघून जातात. म्हणून मी कानोता गावच्या एका दूधवाल्याकडून गावठी कोंबडी आणली आणि ती खुडूक झाल्यावर अकरा अंडी तिच्याखाली ठेवली. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. कोळशाच्या चुऱ्यासारखी काळी. पाच जणांच्या डोक्यावर पांढरा ठिपका होता, जणू कुणी चुन्याचं बोट टेकवलं होतं. चार जणी नुसत्या काळ्या.

दीड महिन्याने तुरे दिसायला लागले तेव्हा नऊच्या नऊ बरोबर निघाली. हे लाइनीत पसरायला वेळ लागला नाही. ज्यांनी वर्ग केला होता त्या बायकासुद्धा स्वतः बघायचं सोडून माझ्याकडे डालगी घेऊन यायच्या. मी पिल्लू तळहातावर घ्यायचे, बघायचे आणि "कोंबडा" किंवा "कोंबडी" एवढंच म्हणायचे. जास्त बोलावं लागत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्याकडे काही विचारायला येत होते आणि मला उत्तर येत होतं.

जानेवारी संपताना, संक्रांत झाल्यावर, माझ्या सासूबाई गावाहून आल्या. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांना चार मुलगे, मुलगी एकही नाही. गावात त्यांचा त्यावरून फार मान होता. कुणाचं लग्न असो, कुणाचं डोहाळजेवण असो, ओटी भरायला पहिलं बोलावणं त्यांना. त्यांनी माझं पिल्लं बघणं बघितलं आणि नाक मुरडलं.

"ह्यात काय हाय? टोकदार अंड्यात कोंबडा, गोल अंड्यात कोंबडी. आमची आज्जी डोळं झाकून सांगायची."

"खरं निघायचं का?" मी विचारलं.

"निम्मं निघायचं," त्या म्हणाल्या. "निम्मं लई झालं."

आठवडाभराने जेवणं झाल्यावर त्यांनी येण्याचं कारण काढलं. माझ्या मोठ्या जावेला तीन मुलगे होते. त्यातला धाकटा आमच्याकडे द्यायचा आणि आमची मधली गावी न्यायची, जावेच्या हाताखाली राहील. मे महिन्यात हे रजेवर जातील तेव्हा तिला पोचवतील, येताना मुलाला घेऊन येतील.

"बायकू मुलगा देत न्हाय तर भावाचा घ्यावा," त्या यांना म्हणाल्या. "त्यात वाईट काय? रक्त एकच. आणि तीन पोरी इथं करणार काय?"

हे म्हणाले, "बघू. मे महिन्याला अवकाश आहे." यांचं 'बघू' म्हणजे हो नसायचं, पण नाहीही नसायचं. आईपुढे ते तेवढंच बोलत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटं गोळा करत होते. मी नाही म्हटलं असतं तर बहुतेक त्यांनीही म्हटलं असतं. पण फैसला कोंबडीच्या पोटात होतो, हे मी कानांनी ऐकलं होतं. जिच्यात खोट आहे तिने हट्ट कशावर धरायचा? मी ताटं घेऊन मोरीवर गेले.

मधली तेव्हा आठ वर्षांची होती, तिसरीत. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, गावातली शाळा घरापासून किती लांब आहे आणि तिथे हिंदीत शिकवतात की मराठीत. मराठीत म्हटल्यावर ती मराठी पुस्तक वाचायचा प्रयत्न करू लागली. 'ळ' आला की अडायची. आणि मग एक दिवस मला दिसलं की तिने तिची रंगीत खडूंची डबी धाकटीला देऊन टाकली आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "वहाँ नेऊन काय करू?" ती अशीच बोलायची, अर्धं हिंदी, अर्धं मराठी.

ह्याच दिवसांत सुभेदारीणबाईंचं ते प्रकरण झालं. त्या आमच्या रांगेतल्या शेवटच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. कोल्हापूरच्या, अंगाने भरलेल्या, बोलायला मोकळ्या. लाइनीत त्यांना न घाबरणारं कुणी नव्हतं, सुभेदारसाहेब धरून. वर्गाला त्या आल्या नव्हत्या. मला कोंबडी काय शिकवतो तो, म्हणाल्या होत्या. एका सकाळी डालगं घेऊन माझ्या दारात आल्या. चौदा पिल्लं, कालच निघालेली.

मी एकेक हातात घेतलं. चौदाच्या चौदा जणांच्या डोक्यावर पांढरा ठिपका.

"सगळे कोंबडेच आहेत," मी म्हटलं.

"चौदाच्या चौदा?" त्यांनी कमरेवर हात ठेवले. "लग्न होऊन गेले तर घरात सात दीर. आता खुराड्यातबी तीच जत्रा? नीट बघ गं."

मी पुन्हा बघितली. ठिपका होता.

कोंबडे पाळून काय करायचं, अंडी तर मिळायची नाहीत. पिल्लं जरा मोठी झाली तशी त्यांनी बारा पिल्लं मेसच्या खानसाम्याला देऊन टाकली. कुठल्यातरी मोठ्या खान्याला ती संपली. दोन होळीला कापू म्हणून ठेवली. होळी झाली तरी कापली नाहीत, कारण तेव्हा पाहुणेच आले नाहीत. आणि मार्च संपताना त्या दोघांपैकी एकाचा तुरा लालभडक झाला, दुसऱ्याचा बारीक आणि फिकटच राहिला. ज्याने कोंबड्या पाळल्या आहेत त्याला ह्यावर काही सांगावं लागत नाही.

सुभेदारीणबाई ते पाखरू काखेत मारून आमच्या अंगणात आल्या. "हा बघ तुझा कोंबडा," म्हणाल्या. "आता अंडं घालील आणि तुला बारशाला बोलवील."

मी बघितलं. ती कोंबडी होती. मेसमध्ये गेलेल्या बारांत निम्म्या तरी कोंबड्या असणार. मी पदराने डोळे पुसले. आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना हसू आवरेना. "तुमच्या डाक्टरापरास आमचं टोक बरं," म्हणाल्या.

मला वाटलं होतं सुभेदारीणबाई भांडतील. पण त्या म्हणाल्या, "रडू नको. उद्या लुगडं नेसून तयार राहा. त्या डॉक्टराला जाऊन विचारू, आमच्या बाईला अर्धवट का शिकवलं म्हणून."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आणि ती कोंबडी, आधी बसने आणि मग टांग्याने केंद्रावर गेलो. वाटेभर सुभेदारीणबाई टांगेवाल्याला त्याचं घोडं कसं चालवायचं ते सांगत होत्या. डॉक्टर आवारात होते. त्यांनी आम्हांला कडुलिंबाखाली बाकावर बसवलं, चहा मागवला आणि कोंबडी हातात घेतली.

"इसकी माँ कौन-सी थी?" त्यांनी विचारलं.

सुभेदारीणबाई म्हणाल्या, कोंबड्या लाल. लाल रंग आवडतो म्हणून त्याच आणल्या. कोंबडा शेजारणीकडून मागून आणलेला, चितकबरा.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. रागावून नाही. "भाभीजी, मैंने कहा था, मुर्गा लाल और मुर्गियाँ चितकबरी. आपने चूज़े देखे, माँ-बाप नहीं पूछे."

खरंच होतं. मी ठिपका बघितला, आई-बाप कोण ते विचारलंच नाही. उलट जोडीत ठिपका सगळ्यांनाच येतो, डॉक्टर म्हणाले, मग तो कुणाचंच काही सांगत नाही.

मग त्यांनी पोत्यातून मूठभर दाणे घेतले. हे त्यांनी वर्गातही सांगितलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे होतं. त्यांनी एका हातावर मक्याचे दोन दाणे ठेवले. हा कोंबडा, म्हणाले. त्याच्याकडे दोन्ही दाणे सारखे. दुसऱ्या हातावर एक मका आणि एक बाजरी. ही कोंबडी. प्रत्येक पिल्लाला बापाकडून एक दाणा, आईकडून एक. बाप कधीही मकाच देणार, त्याच्याकडे दुसरं नाहीच. आईने मका दिला तर पिल्लाकडे दोन मके, तो कोंबडा. आईने बाजरी दिली तर ती कोंबडी. आणि पट्ट्यांचा रंग फक्त मक्यावर बसून जातो, बाजरीवर बसत नाही. म्हणून चितकबऱ्या आईचे पट्टे मुलांनाच मिळतात, मुलींना नाही. चितकबरा बाप असला तर त्याचे दोन्ही मके पट्ट्याचे, मग मुलगा असो मुलगी असो, सगळ्यांनाच ते मिळतात.

सुभेदारीणबाई चहा फुंकत होत्या. मला ते दाणे स्वच्छ दिसले. आणि काय झालं कोण जाणे, मी शब्द मनात न लावताच विचारून बसले.

"और आदमी-औरत में?"

डॉक्टरांनी हातांतल्या दाण्यांकडे बघितलं.  सुभेदारीणबाईंचा कप अर्ध्यावर राहिला.

"उलटा है, भाभीजी," ते म्हणाले. दोन मक्यांचा हात त्यांनी माझ्याकडे केला. "औरत के पास दोनों एक-से." मग मका-बाजरीचा. "और ये आदमी. मक्का गया तो बेटी, बाजरा गया तो बेटा."

मी विचारलं, मग तो ठरवतो का, कुठला द्यायचा ते?

त्यांनी मूठ मिटली, हलवली आणि न बघता एक दाणा खाली टाकला. बाजरीचा पडला. "कोई तय नहीं करता. न मुर्गी, न आदमी. उस दिन क्लास में मैंने 'फ़ैसला' कहा, वो ग़लत लफ़्ज़ था." मग हसून म्हणाले, "मेरी पाँच बेटियाँ हैं. अपनी माँ को मैं ये आज तक नहीं समझा सका."

परतताना सुभेदारीणबाईंनी टांगेवाल्याचं घोडं त्याच्यावरच सोपवलं होतं. टांगा सोडाला वस्तीशी आला तेव्हा मला म्हणाल्या, "एवढे दिवस तू हे पोटात घेऊन बसली होतीस व्हय? मला विचारायचंस. मला तरी कुठं ठाऊक होतं, पण दोघी मिळून बसलो असतो."

त्यानंतर पाच-सहा दिवस मी काहीच बोलले नाही. मला वाटलं होतं कळलं की बोलता येईल. पण बोलायचं म्हणजे दोष उचलून यांच्या ताटात वाढायचा. डॉक्टर म्हणाले होते कुणी ठरवत नाही, पण ऐकणारा ते ऐकत नाही. तो फक्त दाणा कुणाचा तेवढंच ऐकतो. मीही तेच केलं होतं. हे सकाळी बुटांना पॉलिश करत बसायचे आणि मी त्यांच्या पाठीकडे बघायचे. इकडे मधलीची परीक्षा संपली होती आणि आत्याबाई तिला आतापासूनच भाकरी थापायला बसवत होत्या, तिकडे जाऊन हसं नको म्हणून.

एका रविवारी आम्ही मागच्या अंगणात कुरडया घालत होतो. बाजेवर धोतर पसरलेलं, आत्याबाई सोऱ्या फिरवत होत्या, मी चीक भरून देत होते. हे खुराड्याची जाळी बांधत होते. मधली भाकरीचं पीठ मळून आली आणि हात दाखवत म्हणाली, "आजी, ठीक आहे?" आत्याबाईंनी मान हलवली. ती आत गेली.

मी म्हटलं, "आत्याबाई, मधलीला मी पाठवणार नाही."

सोऱ्या थांबला. "का?"

"तिची शाळा आहे."

"साळा गावात बी हाय."

"मला मुलगा नाही म्हणून तिला पाठवायचं चाललंय. त्यात माझा दोष नाही. मी डॉक्टरांना विचारलं."

"कुठल्या डाक्टरला?"

"कोंबड्यांच्या."

त्या हसल्या. "कोंबडीचा डाक्टर मानसाचं सांगतो? मग दोष कुनाचा, माझ्या ल्योकाचा?"

खुराड्याकडची पक्कड थांबली.

"कुणाचाच नाही," मी म्हटलं. मी चीक खाली ठेवला आणि शेजारच्या सुपातले डाळीतांदळाचे दाणे घेऊन, डॉक्टरांनी दाखवलं तसं दाखवलं. बाईकडे दोन्ही सारखे. पुरुषाकडे दोन तऱ्हेचे. कुठला जाईल ते त्यालाही कळत नाही.  आत्याबाई नीट बघत होत्या. माझी कल्पना होती त्या रागावतील. त्या रागावल्या नाहीत.

"मला चार ल्योक झाले," त्या म्हणाल्या.

"हो."

"ते?"

मला तेव्हा कळलं मी काय बोलून बसले आहे. पण आता मागे घेता येत नव्हतं. "ते मामंजींकडून," मी म्हटलं.

त्यांनी सोऱ्या धोतरावर ठेवला.  "मग त्यात माझं काय?"

"नऊ महिने तुम्हीच वाढवले ना त्यांना."

"ते गाय बी करती," त्या म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं. मला माझ्या अंगावरचं ओझं उतरवायचं होतं. त्यांच्या अंगावरचा दागिना उतरवायचा नव्हता. पण दोन्ही एकच निघालं.

हे उठून आले, हातात पक्कड तशीच. "आई," म्हणाले, "मे महिन्याचं मी दोघांचंच रेल्वेचं वॉरंट काढतो. तुझं आणि माझं."

आत्याबाईंनी मान वर केली नाही. "काढ," म्हणाल्या. मग सोऱ्या उचलून मला म्हणाल्या, "चीक गार हुतोय. भर."

संध्याकाळी चहा घेताना हे म्हणाले, "लाइनीत कुठे बोलू नको हे."

मी म्हटलं, "सुभेदारीणबाई माझ्याबरोबर होत्या."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग झालंच," म्हणाले. पण ते हसत होते. आणि खरंच, पुढचे काही दिवस परेडवर जाताना त्यांना "काय हवालदार, बाजरी?" म्हणून हाका येत. ते काही बोलत नसत.

मे महिन्यात टांगा दारात आला. आत्याबाईंनी तिन्ही मुलींच्या हातावर खडीसाखर ठेवली, मधलीच्या हातावर थोडी जास्त. जावेसाठी मी दिलेल्या कुरडया त्यांनी मांडीवर नीट धरल्या. माझ्याशी त्या फार बोलल्या नाहीत, पण टांग्यात चढताना आधाराला हात माझाच धरला. टांगा वळून दिसेनासा झाला तोवर आम्ही उभ्या होतो. ऊन चढायला लागलं होतं.

मधली म्हणाली, "आई, आजीच्या जागी खिडकीजवळ आता मी झोपू?"

मी म्हटलं, झोप.